रेषा जितकी खोल, तितका डोंगर जवळ

तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्या जुन्या निसर्गचित्रांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काहींनी चित्ररचनेबद्दल विचारले आहे, काहींनी रेषाकामाबद्दल. उत्तरे देताना ही वाटणी आम्हाला फारशी पाळता आली नाही. या माध्यमात रंग नाही, वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात नाही. प्लेटवरच्या रेषांच्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि कागद दाबायचा, एवढेच. जवळचे-लांबचे, उजेड-सावली, नजरेची वाट हे सारे रेषेची खोली, तिची जाडी आणि शेजारच्या रेषेपासूनचे अंतर यांतूनच उभे राहते.

प्रश्न : माझ्याकडे नदीकाठच्या झाडांचे एक जुने छापचित्र आहे. विकणाऱ्याने ते एन्ग्रेव्हिंग म्हणून दिले, पण पाहायला आलेल्या एका चित्रकाराच्या मते ते एचिंग आहे. दोघांतले कोण बरोबर हे मला घरबसल्या कसे ठरवता येईल?

उत्तर : दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि रेषांची टोके पाहा. रेषेचा मधला भाग फसवतो, टोक सहसा फसवत नाही.

एन्ग्रेव्हिंगचे हत्यार ब्युरिन, म्हणजे चौकोनी छेदाची, टोकाला तिरकी घासलेली पोलादी सळई. तिची लाकडी मूठ तळहातात बसवून ती पुढे ढकलतात आणि तिच्यापुढे तांब्याची बारीक तार सुटत जाते. प्लेटमध्ये शिरताना हत्यार उथळ असते, मध्ये खोल जाते, बाहेर येताना पुन्हा उथळ होते. त्यामुळे छापलेली रेषा दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये भरलेली आणि कडांना स्वच्छ असते. एचिंगमध्ये प्लेटवर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात. त्याला ग्राउंड म्हणतात. सुईने फक्त तो थर खरवडायचा, तांबे खाण्याचे काम आम्लाचे. म्हणून इथे रेषा सुरुवातीपासून शेवटापर्यंत जवळजवळ सारख्या जाडीची राहते, टोके बोथट असतात आणि भिंगाखाली कडा किंचित दातेरी दिसतात. ड्रायपॉइंट हा तिसरा प्रकार. त्यात सुई थेट तांब्यावर ओढतात. तांबे निघून जात नाही, रेषेच्या कडेला उचलले जाते. या उचललेल्या कडेला ‘बर’ म्हणतात. तिच्यात शाई अडकते आणि रेषेभोवती मऊ, काळसर झाक येते.

फसगत होते ती फ्रेंच चित्रकार झाक कालो (१५९२-१६३५) आणि त्याच्या वळणाने काम करणाऱ्यांच्या चित्रांत. कालो ‘एशॉप’ नावाची तिरकी कापलेली जाड सुई वापरी. ती बोटांत फिरवली की एचिंगची रेषाही मध्ये फुगते आणि टोकाला बारीक होते. शिवाय त्याचे ग्राउंड मऊ मेणाचे नव्हते, तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या कडक व्हार्निशचे होते. त्यामुळे कडाही बऱ्यापैकी स्वच्छ येतात. अशा चित्रात एका टोकावर भरवसा न ठेवता वीस-पंचवीस टोके पाहावीत. कुठे ना कुठे बोथट टोक सापडतेच.

तुमच्या चित्राबाबत मात्र दोघेही बरोबर असण्याचा संभव मोठा आहे. १८ व्या शतकातील अनेक निसर्गचित्रे आधी एचिंगने मांडून मग ब्युरिनने पुरी केलेली असतात. रिचर्ड विल्सनच्या ‘नायोबी’ या चित्रावरून विल्यम वुलेटने केलेले आणि जॉन बॉइडेलने १७६१ साली प्रसिद्ध केलेले छापचित्र हा या मिश्र पद्धतीचा गाजलेला नमुना. कामाची वाटणी साधारण ठरलेली असे : झाडोरा, खडक, गवत, मातीचे कंगोरे एचिंगने, आकाश, स्थिर पाणी आणि इमारतींच्या सपाट भिंती ब्युरिनने. कारण सरळ आहे. ब्युरिन वळवत नाहीत. वळणदार रेषेसाठी चामड्याच्या वाळू भरलेल्या उशीवर ठेवलेली प्लेटच दुसऱ्या हाताने फिरवतात. अशा हत्याराने पानांची वेडीवाकडी वळणे काढत बसणे म्हणजे वेळ घालवून जिवंतपणा घालवणे. तेव्हा तुमच्या चित्रात आधी झाडांची पाने तपासा, मग आकाश, आणि दोन्हीकडच्या टोकांची तुलना करा.

प्रश्न : जुन्या एचिंगची नक्कल म्हणून तांब्याच्या प्लेटवर एक डोंगराळ दृश्य केले. रेखाटन चांगले उतरले होते, पण छापल्यावर पुढची झाडे, मधले घर आणि मागचे डोंगर सगळे एकाच काळेपणाचे. चित्र सपाट झाले. मागच्या रेषा विरळ काढायला हव्या होत्या का?

उत्तर : विरळ काढून थोडे भागले असते, पण मूळ चूक तिथे नाही. तुम्ही सगळी प्लेट एकदाच आणि सारखा वेळ आम्लात ठेवली असावी. आम्लात जास्त वेळ राहिलेली रेषा खोल आणि रुंद होते, जास्त शाई धरते आणि कागदावर पुढे येते. दूरची रेषा उथळच राहायला हवी.

तांब्यासाठी फेरिक क्लोराइड (सुमारे ४० अंश बोमे, हे द्रावणाच्या घनतेचे माप) वापरत असाल तर आधी त्याच तांब्याच्या एका पट्टीवर चाचणी घ्या. सहा-सात सेंटिमीटरच्या पट्टीवर सारख्या अंतराने रेषा काढा आणि पट्टीचे चार भाग करा. पाच मिनिटांनी पट्टी बाहेर काढून, धुऊन, वाळवून पहिला भाग व्हार्निशने झाका. एकूण दहा मिनिटे झाल्यावर दुसरा, वीस झाल्यावर तिसरा. चौथा पूर्ण चाळीस मिनिटे राहू द्या. पाच-दहा-वीस-चाळीस अशी दुपटीची चढण मुद्दाम आहे. पाच-दहा-पंधरा-वीस अशी समान वाढ केली, तर पुढच्या दोन छटांतला फरक डोळ्याला जाणवतच नाही. ही पट्टी छापून समोर ठेवा. द्रावण किती ताजे आहे आणि हवा किती गरम आहे, यावर वेळा बदलतात, म्हणून दुसऱ्याचे कोष्टक उसने घेऊ नये. जस्ताच्या प्लेटला तर या वेळा अजिबात लागू नाहीत. जस्त फार लवकर खाल्ले जाते.

मग प्लेटवर तोच क्रम. सगळे चित्र काढून झाल्यावर पहिली बुडी. बाहेर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून दूरचे डोंगर आणि ढगांच्या कडा व्हार्निशने झाका. दुसऱ्या बुडीनंतर मधली टेकडी आणि घराची उजेडाकडची बाजू झाका. तिसरीनंतर घराची सावली आणि मधली झाडे. शेवटच्या बुडीत फक्त पुढचे खोड, दगड आणि गवत उघडे राहील. व्हार्निश ओल्या प्लेटवर लावले तर त्याच्या कडेखालून आम्ल शिरते आणि तिथे डागांची रांग उठते. दुसरी काळजी व्हार्निशच्या कडेची. जिथे झाकणे संपते तिथे छटेची पायरी पडते. म्हणून ते डोंगराच्या कडेवर किंवा झाडाच्या बाह्यरेषेवर संपवा, तिथे पायरी हवीच असते. मोकळ्या आकाशात मध्येच संपवले तर तिथे कायमची पट्टी दिसते.

फेरिक क्लोराइडमध्ये रेषेच्या तळाशी गाळ साचून खाणे मंदावते. प्लेट उभी ठेवा किंवा चार कोपऱ्यांवर टेकू देऊन पालथी ठेवा. हातमोजे आणि चष्मा लागतोच. नायट्रिक आम्लाने काम करत असाल तर हवा खेळती हवी आणि पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी नाही.

आणखी एक चूक तुमच्या प्लेटमध्ये असू शकते. पुढची सावली गडद करण्यासाठी रेषांची जाळी फार दाट विणली असेल, तर दीर्घ बुडीत रेषांमधले तांब्याचे बारीक बांध कोसळतात. सगळा भाग एकसंध खड्डा होतो. खड्ड्याच्या तळात शाई धरायला कडा नसतात. पुसताना ती निघून जाते आणि जिथे सर्वांत काळे हवे तिथे राखाडी डाग येतो. हिशेब असा ठेवा की खाल्ल्यानंतरही दोन रेषांमधला बांध निदान एका रेषेच्या रुंदीइतका उरला पाहिजे. रेषा खाताना आडवीही वाढते, म्हणून काढतानाची जागा त्याहून जास्त हवी.

प्रश्न : आम्लात टप्प्याटप्प्याने बुडवणे माहीत नव्हते, तेव्हा दूरचे दृश्य कसे दाखवत?

उत्तर : अल्ब्रेख्त ड्यूररचे १५१८ सालचे तोफेचे निसर्गचित्र पाहा. लोखंडी प्लेट, एकाच बुडीतले काम. रेषा सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीची. तरीही पुढची तोफ आणि मागचे गाव यांत अंतर वाटते. ते आले रेषेच्या लांबीतून आणि विरळपणातून. पुढे लांब, वळणदार, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. मागे तुटक आडव्या रेघा. डोंगराला नुसती बाह्यरेषा आणि आत कोरा कागद. आल्ब्रेख्त आल्टडोर्फरने १५२० च्या आसपास केलेली एचिंगची निसर्गचित्रेही याच युक्तीवर उभी आहेत. त्यांत माणसेही नाहीत, त्यामुळे आकारमानाचा अंदाज द्यायला फक्त झाडे आणि घरे. टप्प्याटप्प्याने झाकत खाण्याची पद्धत पुढे कालोने पद्धतशीर वापरली आणि आब्राआम बोसने १६४५ च्या आपल्या ग्रंथात ती लिहून ठेवली. आमच्या मते नवशिक्याने पहिली प्लेट ड्यूररप्रमाणे एका बुडीचीच करावी. तिथे रचना चुकली तर आम्ल ती सावरायला येत नाही.

प्रश्न : रेम्ब्रांटच्या ‘तीन झाडे’ या एचिंगची एवढी वाहवा होते. चित्रात तर एका कोपऱ्यात झाडे आणि बाकी मोकळे मैदान. तोल ढळलेला वाटत नाही, हे कसे?

उत्तर : झाडे एका बाजूला आहेत हे खरे, पण वजन फक्त झाडांनाच आहे असे नाही. १६४३ सालची ही प्लेट सुमारे २१ सेंमी उंच आणि २८ सेंमी रुंद आहे. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडे, डावीकडे दूरवर पसरलेली सपाट जमीन आणि क्षितिजावर शहराची बारीक ओळ. क्षितिज खाली आहे, म्हणजे बराचसा कागद आकाशाला दिलेला. आता वरचा डावा कोपरा पाहा. तिथे पट्टीने ओढाव्यात तशा तिरक्या, सरळ, कडक रेषांचा पट्टा उतरतो. पावसाच्या सरी म्हणून तो वाचता येतो. रचनेच्या दृष्टीने तो उजव्या खालच्या काळोखाचा प्रतितोल आहे. तो बोटाने झाकून पाहा. चित्र लगेच उजवीकडे कलंडते.

दुसरी गोष्ट उजेडाची. झाडांच्या मागचे आकाश चित्रातल्या सर्वांत उजळ भागांपैकी एक आहे. तिथे जवळजवळ कोरा कागद आहे. गडद झाडे आणि कोरा कागद शेजारी आल्याने झाडांची कड धारदार झाली, आणि त्यासाठी कडेला वेगळी बाह्यरेषा काढावी लागली नाही. तिन्ही झाडांचे शेंडे मिळून एकच आकार होतो, बुंधे मात्र सुटे आहेत आणि त्यांच्यामधून उजेड येतो. ही तीन सुटी झाडे असती तर नजर एकेक मोजत बसली असती.

तिसरी गोष्ट लपवलेली आहे. उजव्या खालच्या झुडपांच्या काळोखात एक प्रेमी जोडपे आहे, डाव्या बाजूला पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस आणि त्याच्यासोबत एक स्त्री, उंचवट्यावर गाडी आणि अगदी उजवीकडे बसून चित्र काढणारा एक जण. सगळे इतके लहान की पहिल्या नजरेत सापडत नाहीत. माणसांना मोठे करून रेम्ब्रांटने झाडांचे महत्त्व कमी केले नाही.

या एकाच प्लेटवर एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन तिन्ही आहेत. भिंगाने पाहायला मिळाली तर ढगांच्या मोकळ्या, फिरत्या रेषा आणि पावसाच्या ताठ रेषा लागोपाठ पाहा. हाताचा इतका वेगळा वेग एका आकाशात क्वचितच सापडतो.

प्रश्न : क्षितिज वर ठेवावे की खाली? जुन्या चित्रांत दोन्ही दिसते.

उत्तर : क्षितिजाबरोबर रेषाकामाचा बोजाही हलतो, हे आधी लक्षात घ्या. पीटर ब्रॉयगेलची मोठी निसर्गचित्रे (सुमारे १५५५-५६) पाहा. चित्रे ब्रॉयगेलची, एचिंग व्हान डूटेकम बंधूंचे, प्रकाशक अँटवर्पचा हेरोनिमस कॉक. त्यांत क्षितिज उंच आहे आणि पाहणारा जणू डोंगरकड्यावर उभा. खाली दऱ्या, नदी, गावे, वाटा एकामागे एक रचलेल्या. इथे आकाशाला जागा थोडी, जमिनीला जास्त. म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वेगळे रेषाकाम शोधावे लागते, नाहीतर सगळे एकमेकांत मिसळते. ब्रॉयगेलने स्वतःच्या हाताने केलेले एकमेव एचिंग म्हणजे १५६० चे सशाच्या शिकारीचे दृश्य. त्यात तो लांब रेषा टाळतो. आखूड तुटक फटकारे आणि ठिपके यांनी दूरचा भाग हवेत विरघळवतो.

१७ व्या शतकातल्या डच चित्रकारांनी क्षितिज खाली आणले. मग दोन तृतीयांश कागद आकाशाचा झाला, आणि एचिंगच्या सुईला आकाशात करण्यासारखे सर्वांत कमी असते. त्यांच्यापैकी अनेकांनी सरळ ते कोरे सोडले. हा आळस नव्हे. कोऱ्या आकाशामुळे क्षितिजावरच्या एका पवनचक्कीच्या छोट्या काळ्या खुणेलाही वजन येते.

या दोन्हींच्या मध्ये ठरीव साचा आहे तो क्लोद लोरेंच्या वळणाचा : एका कडेला पुढे मोठे गडद झाड, खाली सावलीचा पट्टा, त्याच्या पलीकडे उजळ मधला भाग, वळत जाणारी नदी किंवा वाट, शेवटी फिकट डोंगर. १८ व्या शतकात हा साचा इतका वापरला गेला की अनेक छापचित्रांतले पुढचे झाड निव्वळ चौकटीपुरते उभे असते. त्याच्या पायथ्याला सावली नाही, मुळे जमिनीत शिरत नाहीत. चौकटीचे झाड बेगडी आहे की चित्रातले आहे हे ओळखायला बुंधा जमिनीला कसा भेटतो ते पाहावे.

स्वतः रचना तपासायची तर छापचित्राच्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त चार छटा भरा : कोरा कागद, फिकट, मध्यम, काळा. पट्ट्यांचा क्रम नीट असेल तर दहा मिनिटांत हा सांगाडा स्वच्छ निघतो. निघाला नाही, तर मूळ चित्रातच मध्यम आणि काळा यांची सरमिसळ आहे असे समजा.

प्रश्न : पानांचे काम जमत नाही. प्रत्येक पान काढले तर झाड भाजीच्या जुडीसारखे दिसते, वळसे काढले तर ओळख पटत नाही.

उत्तर : पान काढायचे नसते, पानांच्या झुपक्याचा उजेड काढायचा असतो. झाडाचे पाच-सात झुपके ठरवा आणि प्रत्येकाची उजेडाची बाजू कोणती ते आधी पक्के करा. उजेडाकडे तुटक, उघडे वळसे. ते बंद करायचे नाहीत, दोन वळशांमध्ये कागद सोडायचा. झुपक्याच्या पोटाकडे वळसे दाट होतात आणि त्यांच्यावरून एकाच दिशेच्या तिरक्या रेषा ओढून सावली एकत्र बांधायची. वळशाचा आकार जातीप्रमाणे बदला : ओकला कोनेदार, तुटक, विलोला लांबट, खाली ओघळणारे, पाइनला आखूड फटकाऱ्यांचे पंखे. दूरच्या झाडाला वळसे लहान करत जा आणि शेवटी सोडूनच द्या. तिथे फक्त छटेचा आकार राहू द्या.

आकाशाची भोके झाडाच्या मध्यभागी पाडू नका, कडेजवळ पाडा. मधल्या भोकांनी झाड पोकळ दिसते. फांद्या भोकांतच दाखवा, पानांवरून ओढू नका. अँथनी वॉटरलोच्या जंगलांच्या एचिंगमध्ये हे सगळे शिस्तीने दिसते. सावल्या त्याने नंतर ब्युरिनने गडद केल्या आहेत, तेही शिकण्यासारखे आहे.

प्रश्न : पाण्यासाठी कोणत्या रेषा?

उत्तर : आडव्या, क्षितिजाला समांतर, आणि शक्यतो जाळी न करता. जाळी आली की पाणी जमिनीसारखे घट्ट दिसते. जवळ येताना रेषांमधले अंतर वाढवा. प्रतिबिंबातले बुंधे आडव्या आखूड रेघांनीच बांधा, उभ्या रेषांनी नव्हे. काठ आणि पाणी यांच्यामध्ये केसभर कोरा कागद सोडला की पाण्याची पातळी आपोआप बसते.

प्रश्न : १९ व्या शतकातल्या छापचित्रांतले आकाश इतके यांत्रिक का वाटते?

उत्तर : कारण बरेचदा ते यंत्रानेच आखलेले असते. विल्सन लाउरीने १८ व्या शतकाच्या अखेरीस समांतर रेषा ओढण्याचे यंत्र तयार केले. ग्राउंडवर हिऱ्याच्या किंवा पोलादी टोकाने अगदी समान अंतरावर रेषा ओढता येऊ लागल्या, आणि मग झाकत-झाकत आम्ल देऊन वर गडद, क्षितिजाकडे फिकट अशी चढण मिळवता येऊ लागली. १८२० नंतर निसर्गदृश्यांसाठी पोलादी प्लेटही आल्या. त्या इतक्या कठीण की त्यांवर फार बारीक आणि जवळजवळ रेषा टिकतात आणि हजारो प्रती निघतात. परिणाम रुपेरी, नाजूक, पण श्वास कमी. चांगल्या कारागिराने आखलेल्या आकाशात ढगाची कड कधीच रेषेने काढलेली नसते. समांतर रेषा तिथे येऊन थांबतात, एवढेच. जिथे ढगाला बाह्यरेषा दिसेल तिथे हात कच्चा होता असे समजायला हरकत नाही.

लाकडावरच्या कोरीव कामात उलटी गंमत आहे. तिथे कोरलेला भाग पांढरा छापतो. टॉमस ब्युइक (१७५३-१८२८) बॉक्सवुडच्या आडव्या कापावर काम करी, आणि दूरचे डोंगर ज्या भागात यायचे तिथे कोरण्याआधीच ठोकळ्याचा पृष्ठभाग खरवडून किंचित खाली नेत असे. छापताना त्या भागावर दाब कमी पडे आणि डोंगर फिकट येत. तांब्यात उथळ रेषा, लाकडात खाली नेलेला पृष्ठभाग. लांबचे दृश्य दोन्हीकडे हत्याराच्या खोलीनेच साधले.

प्रश्न : ओळखीच्या शहराचे जुने छापचित्र डावे-उजवे उलटलेले दिसते. ही चूक आहे?

उत्तर : छापताना प्लेट उलटते, म्हणून समोर बसून थेट प्लेटवर काढलेले दृश्य कागदावर आरशातल्यासारखे येते. रेम्ब्रांटचे १६४० च्या सुमाराचे अॅम्स्टरडॅमचे दृश्य असेच उलटे आहे. नकाशासारखा अचूकपणा हवा असणारे कारागीर आधी चित्र उलटे करून मग प्लेटवर उतरवत. अभ्यासासाठी चित्र आरशात पाहा. कलाकाराने प्लेटवर काढताना रचना कशी पाहिली ते तिथे दिसते.

प्रश्न : चित्राखाली बारीक अक्षरांत लॅटिन शब्द असतात, त्यांचा अर्थ?

उत्तर : ‘पिंक्सिट’ म्हणजे मूळ चित्र रंगवणारा, ‘डेलिनेव्हिट’ म्हणजे रेखाटन करणारा, ‘स्कल्प्सिट’ किंवा ‘इन्सिडिट’ म्हणजे कोरणारा, ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशक. चित्रकार बहुधा डाव्या कोपऱ्यात, कोरणारा उजव्या. एकाच नावापुढे ‘इन्व्हेनिट’ आणि ‘फेकिट’ दोन्ही असतील तर कल्पना आणि काम एकाच माणसाचे. असे चित्र पाहताना रेषेचा दोष किंवा श्रेय त्याच्याच पदरात घालावे. वुलेटसारख्याच्या कामात मात्र रचना रिचर्ड विल्सनची आणि रेषा वुलेटची, हे वेगळे ठेवावे.

प्रश्न : तांब्यावर कोरलेली रेषा खोडता येते का?

उत्तर : येते, पण कष्टाने. तीन कडांच्या स्क्रेपरने रेषेभोवतीचे तांबे खरवडून खाली आणायचे, मग तेल लावून बर्निशरने घासून गुळगुळीत करायचे. खोल रेषेच्या जागी यामुळे खळगा होतो, त्यात शाई साचते. म्हणून जागा प्लेटच्या मागे नेमकी हेरून मागून हलके ठोकतात आणि पुढचा भाग पातळीत आणतात. नंतर कोळशाने घासून पुन्हा चकाकी.

याचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे हर्क्युलिस सेगर्सची ‘टोबायस आणि देवदूत’ ही प्लेट. ती रेम्ब्रांटकडे आली. त्याने १६५३ च्या सुमारास त्यातल्या मोठ्या आकृती खरवडून टाकल्या आणि इजिप्तकडे निघालेले लहानसे पवित्र कुटुंब व झाडी काढली. सेगर्सचे निसर्गदृश्य बाकी तसेच ठेवले. देवदूताच्या पंखाच्या खुणा नव्या झाडीत अजून दिसतात. एकाच प्लेटवर दोघांच्या रेषा शेजारी आहेत : सेगर्सच्या बारीक, खडबडीत, खडकाळ आणि रेम्ब्रांटच्या सुट्या, झपाट्याने ओढलेल्या.

प्रश्न : एकाच प्लेटच्या दोन प्रती पाहिल्या. एकीत मागे डोंगर स्पष्ट आहेत, दुसरीत जवळजवळ नाहीत. दुसरी नकली समजायची का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. प्रत्येक छपाईत पुसण्याने आणि दाबाने तांबे थोडे झिजते. उथळ रेषा आधी जातात, आणि उथळ रेषा म्हणजेच दूरचे डोंगर आणि आकाश. ड्रायपॉइंटची बर तर पहिल्या दहा-वीस प्रतींतच दबते. पुढची झाडे शेवटपर्यंत टिकतात. म्हणून झिजलेल्या प्लेटची प्रत नुसती फिकट होत नाही, तिच्यातले अंतरच आटते. मागचे पडदे निघून जातात आणि चित्र पुढच्या पट्टीत अडकते.

हे लपवण्यासाठी प्रकाशक प्लेट पुन्हा ब्युरिनने गडद करून घेत. अशा प्रतीत मागच्या डोंगरावर अचानक कडक, निमुळत्या टोकांच्या रेषा दिसतात. शेजारच्या झिजलेल्या रेषांशी त्या जुळत नाहीत आणि डोंगर चुकीच्या जागी पुढे येतो. १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवण्याची रीत आली, त्यानंतरच्या प्रतींत ही झीज कमी दिसते.

नकलेची शंका असेल तर ती वेगळ्या खुणांनी तपासा. भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ते फोटोवरून छापलेले आहे. अस्सल प्रतीत गडद रेषांची शाई कागदावर किंचित उंच असते. कागद तिरका धरून उजेडात पाहिला की ती दिसते. चित्राभोवती प्लेटच्या कडेची दाबलेली खूणही असते, मात्र समास कापलेल्या प्रतीत ती सापडणार नाही, आणि तिच्या अभावावरून प्रत टाकून देऊ नये.